भाता, फुगलेले गाल आणि मातीचं ढेकूळ : इंग्रजी विदूषकांच्या नावांची कुळकथा

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलो, की माझा निम्मा दिवस लोहाराच्या भट्टीवर जायचा. कारण एकच, भाता. दांडी खाली ओढली की ते सुरकुतलेलं काळं चामडं तट्ट फुगायचं, सोडली की उसासा टाकून बसायचं, आणि समोर निखारे लाल व्हायचे. ओढायची पाळी मिळावी म्हणून आम्ही पोरं भांडायचो. एकदा मी लोहारमामांना विचारलं, "मामा, याच्या आत काय असतं?" ते म्हणाले, "वारं. दुसरं काय असणार?"

हे उत्तर पुढे कॉलेजात एकदम आठवलं. इंग्रजीतला 'फूल' हा शब्द कुठून आला ते मी शब्दकोशात शोधत होतो. फूल म्हणजे मूर्ख, आणि दरबारातला विदूषकही. हा शब्द तेराव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये तो 'फोल', त्यामागे लॅटिनमधला 'फोलिस', आणि फोलिसचा अर्थ दिला होता : चामड्याची पिशवी, भाता. उत्तरकालीन लॅटिनमध्ये लोक रिकाम्या डोक्याच्या माणसाला फोलिस म्हणू लागले. आवाज मोठा, हालचाल मोठी, आत वारं. त्या दिवसापासून हे शब्द मला सुटले नाहीत, आणि आज तुमच्यापुढे तेच घेऊन उभा आहे. जुन्या इंग्रजीत लोकांना हसवणाऱ्या, गाणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसांना काय काय म्हणत आणि का म्हणत, एवढाच आजचा विषय. माझं म्हणणं असं, की यातलं प्रत्येक नाव त्या माणसाला समाजानं कुठे बसवलं होतं ते सांगतं. ताटाशी, दाराशी, की वेशीबाहेर.

वाऱ्याचा धागा आधी पुरा करू. 'बफून' घ्या. इटालियनमध्ये 'बुफोने', आणि त्यामागचं क्रियापद 'बुफारे', म्हणजे गाल फुगवणं. आता सगळ्यांनी एक करा. तोंडात हवा भरा, गाल फुगवा आणि दोन्ही बाजूंनी बोटानं टिचकी मारा. आला आवाज? 'बुफ्' हा शब्द त्या आवाजातूनच झाला आहे. शब्द नव्हता तेव्हाही माणूस गाल फुगवून लेकराला हसवत असणार. मला हा सगळ्या यादीतला सर्वांत निरागस शब्द वाटतो. आज इंग्रजीत एखाद्याला बफून म्हणणं ही चांगलीच शिवी आहे, हे ऐकून वाईट वाटतं.

आणि हे वारं नुसतं शब्दात नव्हतं. मध्ययुगीन विदूषकाच्या हातात काठी असे आणि तिच्या टोकाला डुकराचा फुगवलेला मूत्राशय बांधलेला असे, कधी आत वाळलेले वाटाणे. खडखड वाजवत तो लोकांच्या पाठीत हाणायचा. लागत काही नसे, आवाज मात्र दणक्यात. म्हणजे भाता हातात घेऊनच तो हिंडत होता.

याच संदर्भात रोलंडची हकिकत सांगितलीच पाहिजे. बाराव्या शतकात, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाच्या काळात, सफक परगण्यातल्या हेमिंगस्टोन इथं रोलंड नावाच्या माणसाला जमीन मिळाली होती. जमिनीच्या बदल्यात काय द्यायचं, तेही सरकारी दप्तरात लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे. दर नाताळला राजासमोर त्यानं एक उडी मारायची, एक शीळ घालायची आणि एकदा पादायचं. त्याच्या नावालाच 'पादरा' अशा अर्थाची जोड होती. आपण हसलो, ठीक आहे, तोही हसवायलाच उभा राहत होता. पण जमिनीकडे नीट बघा. सरंजामशाहीत जमीन मिळे ती घोडेस्वार पुरवण्यासाठी, पहाऱ्यासाठी. इथे हसवणं ही त्याच तोलाची चाकरी मानली गेली आणि वतनाच्या कागदावर चढली.

तो एकटा नव्हता. 1086 साली विजेत्या विल्यमनं इंग्लंडभरच्या जमिनींची जी मोजदाद करवली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात ग्लॉस्टरशरमध्ये बेर्डिक नावाच्या माणसाकडे तीन गावं असल्याची नोंद आहे, आणि त्याचा हुद्दा लिहिला आहे 'योकुलातोर रेगिस', राजाचा योकुलातोर. हॅम्पशरच्या नोंदींत आडेलिना नावाची एक बाईही आहे, तिचा हुद्दा त्याच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप. मूळ लॅटिन शब्द 'योकुस', म्हणजे थट्टा. योकुलातोरचं फ्रेंचमार्गे झालं 'जग्लर', आणि त्याच योकुसवरून सतराव्या शतकात 'जोक' आला, मग 'जोकर'. आपल्या सर्कशीतला आणि पत्त्यांच्या कॅटमधला जोकर तो हाच. म्हणजे चेंडू झेलणारा जग्लर आणि लाल नाकाचा जोकर हे सख्खे चुलतभाऊ. जग्लर या शब्दाचा जुना अर्थ मात्र जादूगार, नजरबंदी करणारा. हातचलाखी, गाणं, विनोद, कसरत या वेगवेगळ्या कला आहेत असं त्या काळी कुणाला वाटत नव्हतं. आपला डोंबारी ढोलकंही वाजवतो, दोरीवरही चालतो आणि मधूनच टोमणाही मारतो, तसंच.

विल्यमसोबत नॉर्मन लोक फ्रान्समधून येण्याआधीच्या अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्ये दोन शब्द होते, 'स्कॉप' आणि 'ग्लिओमन'. स्कॉप म्हणजे सरदाराच्या दिवाणखान्यात वीणेसारख्या वाद्यावर कथा गाणारा कवी. 'बेवुल्फ' या महाकाव्यात तो आहे, मानानं गातो, लोक ऐकतात. पण याच शब्दाचे जर्मन आणि नॉर्स भाऊबंद पाहिले तर त्यांचा अर्थ थट्टा, टवाळी असाही होतो, आणि इंग्रजीतला 'स्कॉफ', म्हणजे कुचेष्टा करणं, त्याच कुळातला मानतात. स्तुती करणारं तोंड आणि टिंगल करणारं तोंड एकच. 'ग्लिओ' या शब्दात संगीत आणि आनंद दोन्ही अर्थ होते. आजचा 'ग्ली' हा शब्द त्याचाच वंशज. वीणेला ते 'ग्लिओबेआम' म्हणत, शब्दशः आनंदाचं लाकूड. मला जुन्या इंग्रजीतला हा सर्वांत सुंदर समास वाटतो.

पण दाराची हद्दही त्याच काळात दिसते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन यानं पाद्र्यांसाठी जे नियम लिहिले, त्यात एक असा आहे : कोणत्याही पाद्र्यानं 'एआलुस्कॉप' होऊ नये आणि ग्लिओमनसारखं वागू नये. एआलु म्हणजे एल, जवाची दारू. एआलुस्कॉप म्हणजे दारूच्या बैठकीतला कवी. पाद्री असं करत असल्याशिवाय कुणी असा नियम लिहील का? रविवारी प्रार्थना सांगणारा माणूस शनिवारी रात्री गुत्त्यात गाणी म्हणत असणार, आणि लोकांना तो आवडत असणार.

आता 'जेस्टर'. याच शब्दासाठी मी खरं तर आज इथे आलो आहे. कुणाही इंग्रजाला विचारा, जेस्टर म्हणजे घुंगरांची टोपी घातलेला दरबारी विदूषक. पण शब्द उलगडला तर आत लॅटिनमधला 'गेस्ता' सापडतो. गेस्ता म्हणजे केलेली कृत्यं, पराक्रम. त्यावरून फ्रेंचमध्ये 'जेस्त' म्हणजे पराक्रमाची गाथा, आणि चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'जेस्टूर' म्हणजे त्या गाथा म्हणून दाखवणारा. आपल्या भाषेत सांगायचं तर जेस्टर म्हणजे मुळात शाहीर, आणि जेस्त म्हणजे पोवाडा!

हा शाहीर कसा असे त्याचं एक चित्र आपल्याकडे आहे. 1066 साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन फौजेच्या पुढे ताइफेर नावाचा माणूस घोड्यावर होता. लढाईनंतर लवकरच रचलेल्या मानल्या जाणाऱ्या एका लॅटिन काव्यात तो तलवार हवेत फेकून झेलत इंग्रजांसमोर जातो, असं वर्णन आहे. बाराव्या शतकातला कवी वास सांगतो, की तो सम्राट शार्लमेन आणि वीर रोलंड (मघाचा रोलंड नव्हे) यांच्या गाथा गात पुढे गेला, आणि पहिला वार करण्याचा मान त्यानं ड्यूक विल्यमकडून मागून घेतला. तो तिथेच पडला. योकुलातोर, शाहीर आणि शिपाई, तिघं एका देहात.

मग पोवाडा गाणारा माणूस थट्टेखोर कसा झाला? शब्दच पायरी पायरीनं उतरला. आधी जेस्त म्हणजे पराक्रम, मग पराक्रमाची गोष्ट, मग नुसती गोष्ट, मग रंगवून सांगितलेली गोष्ट, थाप, आणि शेवटी गंमत. 1500 च्या सुमारास जेस्टर म्हणजे दरबारातला हसवणारा, हे पक्कं झालं होतं. कुणी ठरवून हे केलं नाही. ऐकणाऱ्यांचा वीरगाथांवरचा विश्वास उडत गेला आणि गाणाऱ्याचं आसन खाली खाली सरकत गेलं. आपल्याकडे 'गोंधळ' शब्दाचं काय झालं ते आठवा. देवीसमोर संबळ वाजवून घातलेला गोंधळ आणि वर्गात मास्तर नसताना होणारा गोंधळ, शब्द तोच.

'मिन्स्ट्रेल'ची गोष्ट याहून कडू आहे. लॅटिनमध्ये 'मिनिस्टर' म्हणजे सेवक, 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून आलेला. त्याच घराण्यातून फ्रेंच 'मेनेस्त्रेल', म्हणजे आधी वाड्यावरचा चाकर, कारागीर, आणि मग गाणं-बजावणं करणारा चाकर. मिन्स्ट्रेल आणि मिनिस्टर एकाच शब्दाची दोन लेकरं. एक मंत्रिमंडळात गेला, दुसरा रस्त्यावर. रस्त्यावर म्हणतो ते अक्षरशः. 1572 साली एलिझाबेथ राणीच्या संसदेनं भटक्यांविरुद्ध कायदा केला. त्यात अस्वलवाले, नाटकवाले, फेरीवाले, जग्लर आणि मिन्स्ट्रेल यांची नावं एका ओळीत आहेत. एखाद्या उमरावाचा आश्रय नसेल किंवा परवाना नसेल, तर हे सगळे भटके गुन्हेगार. शिक्षा : चाबकाचे फटके, आणि उजव्या कानाच्या कुर्चेतून एक इंच घेराची तापवलेली सळई आरपार. सेवक हा अर्थ पोटात असलेल्या शब्दाला मालक उरला नाही की काय होतं, ते या कायद्यात दिसतं.

खाण्याची नावं मी पटकन सांगतो. 1711 साली जोसेफ अॅडिसन या लेखकानं 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात लिहिलं, की प्रत्येक देश आपल्या आवडत्या पदार्थाचं नाव आपल्या विदूषकाला देतो. हॉलंडमध्ये खारवलेला हेरिंग मासा, फ्रान्समध्ये सूपवाला जाँ पोताज, इटलीत मॅकरोनी, इंग्लंडमध्ये जॅक पुडिंग. आपल्या संस्कृत नाटकातला विदूषकही मोदकांवर जीव टाकणारा. आणि 'झॅनी' हा शब्द म्हणजे जोव्हानी या नावाचं व्हेनिसकडचं लाडाचं रूप. इटलीतल्या नाटकमंडळ्यांत नोकराचं हे ठरलेलं नाव, आपल्या गण्या-बंड्यासारखं.

एका शब्दाशी मात्र आपलं थेट नातं असू शकतं. आपला 'मस्करी' शब्द अरबी 'मस्खरा'पासून फारसीमार्गे आला. इंग्रजीतल्या 'मास्क'बद्दल दोन मतं आहेत. एक मत तो लॅटिनमधल्या 'मास्का', म्हणजे चेटकीण किंवा भूत, यावरून काढतं, दुसरं मत याच मस्खरावरून. दुसरं खरं असेल तर मुखवटा आणि मस्करी एकाच घरातले.

भूत म्हटलं की 'हार्लेक्विन' आलाच. रंगीत चौकटींचे कपडे घातलेला, टुणटुण उड्या मारणारा इटालियन नाटकातला हा नोकर. पण त्याचं नाव रंगभूमीवर येण्याआधी पाचशे वर्षं लोक त्या नावानं घाबरत होते. 1091 च्या जानेवारीत नॉर्मंडीतल्या एका पाद्र्याला रात्री रस्त्यात मेलेल्या माणसांचा तांडा दिसला, अशी हकिकत ऑर्डेरिक व्हिटालिस या संन्याशानं लिहून ठेवली आहे. त्या तांड्याचं नाव हेर्लेकिनचा कुटुंबकबिला. काही अभ्यासक हे नाव जुन्या इंग्रजीतल्या 'हेर्ला किनिंग', म्हणजे हेर्ला राजा, याच्याशी जोडतात. हेर्लाची गोष्ट बाराव्या शतकात वॉल्टर मॅपनं सांगितली आहे. हा राजा एका खुज्या राजाच्या लग्नाला डोंगराच्या पोटात गेला. तीन दिवस राहिला. निघताना यजमानानं एक लहानसा कुत्रा त्याच्या माणसाच्या कडेवर दिला आणि बजावलं, हा कुत्रा स्वतः खाली उडी मारेपर्यंत कुणी घोड्यावरून उतरू नका. बाहेर एक म्हातारा धनगर भेटला. राजानं राणीची खबर विचारली. धनगर म्हणाला, तुमची भाषा मला जेमतेम कळते, मी सॅक्सन आहे, तुम्ही आमच्याआधीच्या ब्रिटन लोकांपैकी दिसता, त्या राणीचं नाव मी जुन्या गोष्टींत ऐकलंय. दोनशे वर्षं उलटली होती. घाईनं जे उतरले, त्यांची जमिनीला पाय टेकताच माती झाली. कुत्रा काही उडी मारेना, आणि राजा घोड्यावरच राहिला. हार्लेक्विनच्या पायाला उसंत नसते, तो सतत उड्या मारतो, हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला जमिनीवर उतरू न शकणारा हा राजा आठवतो. ही माझी जोडणी आहे, कोशातली नव्हे.

आता 'क्लाउन'. हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजीत दिसू लागतो, आणि त्याचा पहिला अर्थ विदूषक नव्हेच. अर्थ खेडवळ, अडाणी शेतकरी. मूळ नक्की ठरलेलं नाही, पण उत्तरेकडच्या भाषांत जवळचे शब्द आहेत, त्यांचे अर्थ ओंडका, ठोकळा, बोजड माणूस. मातीचं ढेकूळ, असंही जुन्या कोशकारांनी सुचवलं आहे. आपण 'ठोंब्या' म्हणतो ना, तेच. आणि इंग्रजीत कष्टकऱ्यांच्या जवळजवळ सगळ्या नावांची हीच गत झाली. 'व्हिलन' म्हणजे मुळात जमीनदाराच्या शेतावरचा कुळवाडी. 'बूर' म्हणजे शेतकरी. 'चर्ल' म्हणजे साधा स्वतंत्र माणूस. तिन्ही आज शिव्या आहेत. आपण 'गावठी' आणि 'गावंढळ' किती सहज म्हणतो, तेही आठवावं.

कॉलेजात शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' नाटक शिकताना पाचव्या अंकाच्या सुरुवातीला मी अडलो होतो. 1623 च्या छापील प्रतीत तिथे लिहिलं आहे, दोन क्लाउन प्रवेश करतात. मी डोळ्यांसमोर सर्कशीतले जोकर आणले, आणि दफनभूमीत ते काय करतायत ते कळेना. आमच्या सरांनी सांगितलं, अरे, ते कबर खणणारे मजूर आहेत. मग सगळं दृश्य बदललं. तो मजूर गात गात खणतोय, राजपुत्र त्याला प्रश्न विचारतोय, आणि प्रत्येक उत्तरात मजूर राजपुत्राला निरुत्तर करतोय. मग फावड्याला एक कवटी लागते. मजूर ती ओळखतो : ही यॉरिकची, राजाच्या जेस्टरची, तेवीस वर्षं पुरलेली. एकदा या लबाडानं माझ्या डोक्यावर दारूचं भांडं ओतलं होतं, असंही सांगतो. बघा काय घडतंय. ज्याचं नाव एके काळी शाहिराचं होतं तो मातीत आहे, आणि ज्याचं नाव मातीचं होतं तो उभा आहे, बोलतोय, प्रेक्षक त्याला हसतायत. राजपुत्राच्या हाती कवटी देणारा क्लाउनच आहे. 1600 च्या आसपास, याच वर्षांत, क्लाउन शब्दाला विदूषक हा अर्थ चिकटला.

पुढे अठराव्या शतकातल्या इंग्रजी मूकनाट्यात मुख्य नायक होता हार्लेक्विन. क्लाउन त्याचा मार खाणारा, दुय्यम, खेडवळ. तो मध्यभागी आला जोसेफ ग्रिमाल्डीमुळे. जन्म लंडनचा, 1778. तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत रंगमंचावर. पांढरा फटक चेहरा आणि गालांवर लाल त्रिकोण, हे क्लाउनचं रूप त्यानं रुजवलं. 1806 च्या डिसेंबरात कॉव्हेंट गार्डन या नाट्यगृहात 'मदर गूस'चा खेळ लागला आणि लंडननं हार्लेक्विनकडे बघणं सोडलं. इतक्या उड्या, इतकी पडापडी, की पन्नाशीच्या आतच सांधे निकामी झाले. 1828 साली निरोपाच्या खेळाला त्याला उभं राहता येईना, खुर्चीत बसून त्यानं गाणं म्हटलं. इंग्रजीत आजही क्लाउनला 'जोई' म्हणतात, ते जोसेफचं लाडाचं रूप.

त्याचं एक गाणं होतं, 'हॉट कॉडलिन्स'. भाजलेली सफरचंदं विकणारी एक म्हातारी, थंडी फार, म्हणून ती काहीतरी विकत घेते... इथे ग्रिमाल्डी थांबायचा. यमकाचा शब्द म्हणायचाच नाही. सगळं थिएटर ओरडायचं, "जिन!", म्हणजे दारू, आणि तो रागावल्यासारखं करून म्हणायचा, अरेरे, लाज वाटू द्या.

लंडनला पेंटनव्हिल भागात त्याची कबर आहे. आता तिथे त्याच्याच नावाची बाग आहे, पोरं खेळतात. कबरीपासून जवळच जमिनीत शवपेटीच्या आकारात कांस्याच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांच्यावर पाय पडला की सूर उमटतो. पावलं नीट टाकत नाचलं, तर 'हॉट कॉडलिन्स' वाजतं.